नील बेट, एक सॅक आणि नऊ दिवस: मुंबईहून कमी खर्चात अंदमान

फेब्रुवारीत मी नऊ दिवस अंदमानला जाऊन आले. आठ रात्रींपैकी सहा रात्री एकाच बेटावर काढल्या. लालबागच्या घरून निघाल्यापासून परत दाराशी येईपर्यंत २७,३०० रुपये लागले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त विमानाचे होते. त्याच्या दोन वर्षं आधी मैत्रिणीबरोबर गेले होते, तेव्हा पाच दिवसांत तीन बेटं केली. खर्च माणशी चाळीस हजारांच्या पुढे गेला आणि डोळ्यांसमोर राहिल्या त्या धक्क्यांवरच्या रांगा, रिक्षा आणि सॅक उघडणं-बांधणं. समुद्र होता, पण त्याच्या काठी निवांत बसायला मिळालंच नाही.

दोन्ही खेपांचा हिशोब शेजारी शेजारी मांडला तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. अंदमानात राहणं-खाणं महाग नाही, धावणं महाग आहे. बेट बदललं की बोटीचं तिकीट, दोन्हीकडच्या रिक्षा, नवी खोली आणि अख्खा दिवस जातो. म्हणून पुढचं सगळं एका बेटावर जाऊन राहायच्या हिशोबाने लिहिलं आहे. पहिल्यांदाच जाणाऱ्या, ऑफिसातून आठ-नऊ दिवसांची रजा काढू शकणाऱ्या आणि पाठीवर सॅक घेऊन फिरायची तयारी असलेल्या माणसासाठी.

१. आधी नावं समजून घ्या

हे पहिलं, कारण इथेच गोंधळ सुरू होतो. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप आणि नील बेटाचं शहीद द्वीप झालं. १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोसांनी अंदमानला शहीद आणि निकोबारला स्वराज अशी नावं दिली होती, तीच पुन्हा वापरात आली. जुनी नावं १८५७ चा उठाव मोडणाऱ्या हॅवलॉक आणि नील या इंग्रज अधिकाऱ्यांची. बदल योग्यच आहे, पण तिकिटावर एक नाव, रिक्षावाल्याच्या तोंडी दुसरं आणि नकाशात तिसरंच, असं होतं. दोन्ही नावं वहीत लिहून ठेवा. मी या लेखात बोलीतली जुनी नावं वापरते आहे, कारण तिथे विचारताना तीच कामी येतात.

२. बेट ठरवा, आणि एकच ठरवा

शांतता हवी असेल आणि पहिली खेप असेल तर नील. बेट इतकं लहान आहे की सायकलने सगळे किनारे होतात. तीन हजारांच्या आसपास वस्ती, तीही बहुतेक फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांची. भातशेती, भाजीचे मळे, सुपारीच्या बागा. पोर्ट ब्लेअरला जाणारी बरीचशी भाजी इथूनच जाते. गावांची नावं ऐकून आपल्याला लगेच घरच्यासारखं वाटतं: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर.

हॅवलॉक मोठं आहे, जास्त गजबजलेलं आहे, आणि डायव्हिंग शिकायचं असेल तर तिथेच जावं. राधानगरचा किनारा खरोखर देखणा आहे. २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाली. पण खोल्या महाग आणि माणसं पुष्कळ. लाँग आयलंडवर लालाजी बे नावाचा फार सुंदर किनारा आहे, मात्र तिथे पोचायला जंगलातून चालत किंवा छोट्या बोटीने जावं लागतं आणि राहायच्या जागा मोजक्या. लिटल अंदमानला बोटीनेच सहा ते आठ तास लागतात. ही दोन्ही बेटं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ठेवा.

लक्षद्वीपबद्दल सगळे विचारतात. तिथे जायला आपल्यालाही प्रशासनाचा परवाना लागतो आणि स्वस्तात राहायच्या सोयी फार थोड्या. अंदमानात पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील यांसाठी भारतीयांना परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरतं.

३. महिना

मुंबईकराला रजा सुचते ती दिवाळीत, नाताळात नाहीतर मे महिन्यात, आणि तिन्ही वेळा अंदमानसाठी अवघड. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं होतात आणि ईशान्य मोसमी पाऊस असतो. दुर्गापूजेच्या सुट्टीत कोलकात्याची मंडळी येतात, बोटी भरतात. नाताळ ते नववर्ष दर चढलेले असतात. मे महिन्यात पाऊस आपल्या आधीच तिथे पोचतो, समुद्र खवळतो आणि बोटी रद्द व्हायला लागतात.

जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चअखेर हा काळ उत्तम. एप्रिलमध्ये उकाडा वाढतो, पण पाणी शांत आणि नितळ असतं. मुलांच्या परीक्षा सुरू असल्यामुळे मार्चात खोल्या स्वस्तही मिळतात.

तारखा ठरवताना कालनिर्णय काढून तिथी बघा. का, ते आठव्या पायरीत सांगते.

४. विमान की जहाज

मुंबईहून पोर्ट ब्लेअरला कधी थेट विमान असतं, नाहीतर चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकात्यावरून. चेन्नईहून पुढे दोन तासांच्या आसपास लागतात. मी जाऊन-येऊन १४,२०० रुपये दिले, दोन महिने आधी, मधल्या वारी जाऊन मधल्याच वारी परत. शुक्रवार-रविवार पाहिला असता तर हजारो रुपये वाढले असते. मुंबई-चेन्नई रेल्वेने आणि पुढे विमानाने असंही करता येतं. एक दिवस गाडीत जातो, पण दर चढलेले असतील तेव्हा फरक पडतो.

दोन वेगवेगळी तिकिटं स्वतः जोडत असाल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर ते पैसे परत मिळत नाहीत.

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम इथून जहाजंही जातात. चेन्नईहून साधारण तीन दिवस. बंक म्हणजे मोठ्या दालनातल्या एकावर एक खाटा, हा सर्वांत स्वस्त वर्ग. ऐकायला फार छान वाटतं, पण जहाजांचं वेळापत्रक महिन्यात मोजक्या फेऱ्यांचं असतं आणि तारीख पुढे-मागे होते. जाऊन-येऊन सहा दिवस पाण्यावर जातील. आठ दिवसांच्या रजेत हे बसत नाही. महिन्याभराची सवड असेल त्याने जाताना जहाज, येताना विमान असं जरूर करावं.

५. कागदपत्रं आणि रोकड

सोबत हे हवं:

- आधार किंवा मतदार ओळखपत्र, मूळ प्रत. फोनमधला फोटो प्रत्येक खिडकीवर चालतोच असं नाही.
- त्याच्या सहा-सात झेरॉक्स. बोटीच्या खिडकीवर, खोलीवर, सायकलवाल्याकडे, सगळीकडे मागतात.
- परतीच्या विमानाचं तिकीट आणि खोल्यांची आरक्षणं, कागदावर छापलेली.
- स्कूटर घेणार असाल तर वाहन परवाना, मूळ.
- नेहमीच्या औषधांची चिठ्ठी.
- पुरेशी रोकड.

रोकडीबद्दल थोडं जास्त सांगते. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल अंदमानला पोचली आणि तिथलं नेट पूर्वीपेक्षा खूप सुधारलं. तरी लहान बेटावर पावसाची एक सर आली किंवा वीज गेली की ते अडतं, आणि नेट अडलं की यूपीआयही अडतं. एटीएमवर विसंबू नका. मी दहा हजार रुपये नेले, दोन वेगळ्या जागी ठेवले आणि त्यात शंभराच्या नोटा भरपूर घेतल्या. भाजीवालीकडे पाचशेचे सुटे नसतात.

६. सॅक

चाळीस लिटरची सॅक पुरे. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांकडे ती असतेच. नसेल तर भावाची, मैत्रिणीची मागून घ्या, एका प्रवासासाठी विकत घेऊ नका. सात किलोच्या आत बसली तर विमानात हातातच ठेवता येते.

टॉवेल नको, पंचा घ्या. दमट हवेत टॉवेल दोन दिवस वाळत नाही, पंचा तासाभरात वाळतो, आणि उन्हात डोक्याला, बोटीत वाऱ्याला, किनाऱ्यावर अंथरायला तोच होतो. माझे दोन पंचे सहा दिवस पुरले. सुती कपडे दोन-तीन जोड, पोहायला पूर्ण बाह्यांचा वेगळा टी-शर्ट (पाठ भाजत नाही आणि सनस्क्रीनही कमी लागतं), मागे पट्टा असलेले रबरी सँडल, टॉर्च, पॉवर बँक, पाण्याची स्वतःची बाटली, कोरड्या पिशव्या. स्वतःचा पोहायचा चष्मा आणि श्वासाची नळी मुंबईतच घ्या. तिथे रोज भाड्याने घ्यायची म्हटली तर तीन-चार दिवसांत तेवढे पैसे होतात, शिवाय दुसऱ्याच्या तोंडातली नळी वापरावी लागत नाही.

औषधांत बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर नाही. सोबत आलेपाक असू द्या. मच्छर पळवणारं मलम हवंच. त्याहून महत्त्वाचं खोबरेल तेल. पांढऱ्या वाळूत बारीक माश्या असतात, सँडफ्लाय म्हणतात त्यांना. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी पायभर लाल पुळ्या उठतात आणि आठवडाभर खाज सुटते. पोटऱ्यांना तेलाचा जाड थर लावला की त्या फारशा चावत नाहीत. चावल्या तर खाजवू नका, जखम चिघळते. थेट वाळूवर न बसता पंचा घालून बसा.

आईने भडंग आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. चेन्नईच्या विमानतळावरचे चार तास आणि बोटीची सकाळ त्यावर निघाली.

७. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर

विमानतळ ते अबर्डीन बाजार, म्हणजे शहराचा मुख्य बाजार, हे अंतर चारेक किलोमीटर. सॅक खोलीवर टाकून तडक फिनिक्स बे जेट्टीवर जा आणि सरकारी बोटीचं तिकीट बघा.

नीलला दोन प्रकारच्या बोटी जातात. खासगी बोटी वातानुकूलित, वेगवान, घरबसल्या आरक्षण होणाऱ्या. सरकारी बोट त्यांच्यापेक्षा बरीच स्वस्त, थोडी संथ, साधारण दोन तासांची. मला सरकारी बोट केवळ पैशांसाठी आवडत नाही. खासगी बोटीत बंद काचांच्या आत खुर्चीला चिकटून बसावं लागतं. सरकारी बोटीत डेकवर उभं राहता येतं. वारा लागला की मळमळतही नाही, आणि गावाला निघालेली माणसं, त्यांच्या कोंबड्या, तांदळाची पोती, शाळेतली मुलं यांच्यासोबत जाता येतं.

अडचण तिकिटाची. सरकारी बोटींचंही ऑनलाइन आरक्षण आहे, पण जागा चटकन संपतात आणि स्थानिकांना प्राधान्य असतं. असायलाच हवं, त्यांची ती एसटी आहे. तिकीट मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभं राहायचं. फॉर्म भरून, झेरॉक्स जोडून तयार ठेवा. माझ्या पुढच्या मुलाला फक्त झेरॉक्स नाही म्हणून परत जावं लागलं आणि तो येईपर्यंत त्या दिवसाच्या जागा संपल्या. तेही नाहीच जमलं तर खासगी बोट घ्या आणि पुढे जा. बोटीचे थोडे पैसे वाचवायला एक दिवस घालवू नका.

इथला मोठा सापळा म्हणजे धक्का. सरकारी बोटी फिनिक्स बेहून सुटतात, खासगी बोटी सहसा हॅडोच्या धक्क्याहून. दोन्ही वेगळ्या जागा आहेत. रिक्षात बसायच्या आधी तिकिटावरचं नाव वाचा.

८. भरती-ओहोटी, ज्यावर सगळं अवलंबून आहे

पहिल्या खेपेला आम्ही भरतपूरच्या किनाऱ्यावर भर दुपारी पोचलो. पाणी शंभर पावलं मागे गेलेलं, समोर नुसते मेलेल्या प्रवाळाचे धारदार दगड. मैत्रिणीचा तळवा कापला. आम्ही म्हटलं, इंटरनेटवरचे फोटो खोटे असतात. फोटो खरे होते, आम्ही वेळ चुकलो होतो.

नीलचे बरेच किनारे उथळ आहेत. भरतीला तिथे छातीइतकं निळं पाणी असतं आणि ओहोटीला दगड उघडे पडतात. म्हणजे पोहायचं ते भरतीला. उलट, लक्ष्मणपूरची दगडी कमान, जिला तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात, ती बघायला ओहोटीलाच जावं लागतं. तेव्हा खडकांतल्या डबक्यांत छोटे मासे, खेकडे, समुद्री काकड्या दिसतात. भरतीला तिकडे जाणं धोक्याचं.

माझे आजोबा अलिबागकडचे. ते तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, अंदमानात तो जसाच्या तसा लावू नका. पण त्यातली दोन सूत्रं तिथेही खरी आहेत. एक, भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी खोलीच्या मालकाला आजची वेळ विचारली की पुढचे पाच दिवस तुम्हीच सांगू शकता. दुसरं, पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणात पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, कमान बघायला ते दिवस चांगले. भांगाच्या दिवसांत पाणी फार मागे जात नाही, म्हणून पोहायला जास्त वेळ मिळतो.

म्हणून मी वद्य अष्टमीला पोचून अमावास्येच्या अलीकडे परतेन अशा तारखा घेतल्या. सुरुवातीचे दिवस पोहण्यात गेले, शेवटचे खडकांत. शिवाय वद्य पक्षात चंद्र उशिरा उगवतो, संध्याकाळी आकाश काळं असतं. शेवटून दुसऱ्या रात्री गुडघाभर पाण्यात हात फिरवला तर बोटांभोवती निळसर ठिणग्या उठल्या. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा तो उजेड. दर वेळी दिसेलच असं नाही, पण चांदण्यात तर दिसतच नाही.

सूर्याचंही घड्याळ वेगळं. अंदमान आपल्यापेक्षा वीस अंश पूर्वेला आहे आणि वेळ मात्र तीच, म्हणून सूर्य जवळजवळ एक तास वीस मिनिटं आधी डोक्यावर येतो. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला मावळतो. साडेआठला उठलात तर अर्धा दिवस गेला. मी पहाटे पाचला उठून सायकलने सीतापूरला सूर्योदयाला जायचे, अकराला खोलीवर परत, दुपारी झोप, चारला लक्ष्मणपूर. सीतापूरला लाटा आणि ओढ जास्त असते, तिथे एकटीने आत जाऊ नका.

९. राहणं

आरक्षण फक्त पहिल्या दोन रात्रींचं करा. नीलवर बांबूच्या झोपड्या आणि घरगुती खोल्या पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या कितीतरी इंटरनेटवर नाहीतच. पहिल्या दिवशी सायकलवरून फिरून जागा बघा, पाच रात्री राहणार म्हणून सांगा, दर आपोआप खाली येतो. मला सातशे रुपये रोजाने स्वच्छ झोपडी, मच्छरदाणी आणि पंखा मिळाला. नळाला गोडं पाणी आहे का, मच्छरदाणीला भोकं नाहीत ना आणि कडी आतून नीट लागते का, हे तिन्ही स्वतः तपासा.

किनाऱ्यावर तंबू ठोकायचा विचार करू नका. परवानगीशिवाय चालत नाही, आणि कुणी सांगितलं "चालतं", तरी रात्री उठवून लावतील.

बाबांनी निघताना एकच विचारलं होतं, "एकटीच जाणार?" एकट्या मुलींनी मलाही हेच विचारलं म्हणून लिहिते. नीलवर मला एकदाही भीती वाटली नाही. मी कुटुंब राहत असलेल्या आवारात खोली घेतली, रोज कुठे जाते ते मालकिणीला सांगून निघायचे आणि अंधार पडल्यावर निर्मनुष्य किनाऱ्यावर एकटी थांबत नव्हते. ठिणग्या बघायलाही तिच्या मुलींना घेऊन गेले होते. सगळे तिला बौदी म्हणायचे, म्हणजे बंगालीत वहिनी. मीही बौदीच म्हणायला लागले. हिंदी सगळ्यांना येतं.

१०. जेवण आणि फिरणं

नील केंद्र म्हणजे बेटाचा बाजार. तिथल्या साध्या खानावळीत मासळी-भात, डाळ, भाजी अशी थाळी मिळते. ती खायची. किनाऱ्यावरच्या हॉटेलात तीच मासळी दुप्पट दराने मिळते. सकाळी पुरी-भाजी, दुपारी थाळी, रात्री बौदीच्या घरी सांगून ठेवलेलं जेवण, असे दिवसाला साडेचारशेच्या आसपास गेले. शाकाहारी माणसाची अजिबात अडचण होत नाही, ताजी भाजी तिथलीच आहे. बाजार लवकर मिटतो. रात्री नऊला जेवायला निघालात तर उपाशी झोपाल.

फिरायला सायकल, दिवसाला दीडशे. ब्रेक आणि सीटची उंची बघून घ्या, आणि आधीच पडलेल्या ओरखड्यांचे फोटो मालकासमोर काढा.

माझा हिशोब असा झाला: विमान १४,२००, पोर्ट ब्लेअरच्या दोन रात्री १,८००, नीलच्या सहा रात्री ४,२००, बोटी १,२००, जेवण ४,०००, सायकल ९००, किरकोळ १,०००.

११. हे करू नका

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलू नका, मेलेलेसुद्धा. प्रवाळ आणि कित्येक शंखांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि परतताना विमानतळावर सामान तपासतात. डबक्यातले जीव हातात घेऊन दाखवणारे गाइड भेटतील, त्यांना नको म्हणा. प्रवाळावर उभे राहू नका.

मगरींच्या पाट्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत, आणि २०१० मध्ये हॅवलॉकला राधानगरजवळच एका पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. खारफुटी, खाडीचं तोंड, अंधारातलं पाणी टाळा. कुठल्या किनाऱ्यावर पोहावं हे गावातल्या माणसाला विचारा.

ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. आणि कधी लाँग आयलंडकडे रस्त्याने गेलात तर वाट जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जाते. गाड्या ताफ्यानेच सोडतात. तिथे थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, काही खायला द्यायचं नाही. कायद्याने गुन्हा आहे, आणि ती त्यांची भूमी आहे. खिडकीतून मोबाइल बाहेर काढणारा शेजारी दिसला तर त्याला थांबवा.

डायव्हिंग केलं असेल तर त्यानंतर अठरा ते चोवीस तास विमानात बसू नका.

१२. परतीचा एक दिवस राखीव

पहिल्या खेपेला आम्ही सकाळची बोट आणि दुपारचं विमान असं ठरवलं होतं. रात्री वारा सुटला, सकाळी बोट रद्द झाली. दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरला पोचलो आणि नवीन तिकिटाला माणशी अकरा हजार मोजले. समुद्राला कुणाचं वेळापत्रक ठाऊक नसतं. म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी, शक्यतो सकाळच्याच बोटीने, पोर्ट ब्लेअरला परत या.

तो दिवस मोकळा मिळाला तर सेल्युलर जेलला जा. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या कोठड्यांच्या सात ओळींपैकी आता तीनच उभ्या आहेत. तिसऱ्या मजल्यावर विनायक दामोदर सावरकरांची कोठडी आहे. १९११ मध्ये ते इथे आले, आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते. कोठडीत उभं राहिलं की वर, हाताच्या टप्प्याच्या बाहेर, एवढीशी जाळीची खिडकी दिसते. मग गच्चीवर गेलं की चहूकडे तोच समुद्र, ज्यात आदल्या दिवशी आपण पोहत होतो. मी तिथे पाऊण तास बसले. संध्याकाळी अबर्डीन बाजारात चहा घेतला, सॅकच्या कप्प्यांतली वाळू झटकली, चुकून शिंपला राहिला नाही ना ते बघितलं आणि सकाळच्या विमानासाठी पाचचा गजर लावला.